भिंतीच्या भोकात दयाळाचं घरटं आणि गिलावा तर पावसाच्या आत करायचाय

ओटीवरची
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात आमचं जुनं चिऱ्याचं कौलारू घर आहे. मागची भिंत पश्चिमेकडची, पावसाचा सगळा मारा तिच्यावर, गेल्या पावसाळ्यात ओल पार माजघरापर्यंत आली म्हणून यंदा गिलावा करायचाच असं ठरवलंय. गवंडी मोठ्या मुश्किलीने मिळालाय आणि आता कळतंय की वर वाशांच्या खाली जुन्या परांचीचं एक भोक बुजवायचं राहून गेलं होतं, त्यात दयाळाच्या जोडीने संसार थाटलाय. नर पहाटे उजाडायच्या आधीपासून टीव्हीच्या डिशवर बसून गातो, मादी भोकात जाऊन येऊन असते. गवंडी म्हणतो काठी घालून काढून टाकतो, दोन मिनिटांचं काम. मी हो म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही.

पण मृग ७ जूनला निघतोय, त्यामुळे विचारते. आत अंडी आहेत की पिल्लं हे शिडी न लावता कसं ओळखायचं? आणि एकूण किती दिवस लागतात? घरात यावरून रोज चर्चा चाललीय, जाणकारांनी सांगा प्लीज.

रापण
नक्की दयाळच ना? चिरक पण भिंतीच्या भोकात घरटं करतो, पुष्कळ लोकांची गल्लत होते. चिरकाचा नर जवळजवळ पूर्ण काळा, खांद्यावर छोटासा पांढरा ठिपका आणि शेपटीखाली विटकरी रंग. शेपूट कायम उभी. दयाळाचं पोट पांढरं आणि पंखावर लांब पांढरा पट्टा असतो.

ओटीवरची
@रापण पोट पांढरं, पंखावर पट्टा, मादी तशीच पण काळ्याच्या जागी राखाडी. दयाळच.

चुलीवरचा चहा
गवंडी सांगितलेल्या तारखेला येणार हे तुम्ही धरूनच चाललाय 😀 आमच्याकडे तो येईपर्यंत पिल्लं उडून त्यांची लग्नंसुद्धा होतील. निश्चिंत राहा.

कातळसडा
ताई, शिडी लावूच नका. खाली अंगणात लांब बसा आणि नुसतं चोचीकडे बघा, सगळं चोचीत कळतं.

चोचीत सुकं गवत, बारीक मुळं, काथ्याचे धागे, केस असं काही दिसलं तर घरटं अजून बांधून व्हायचंय. हे काम बहुतेक मादीच करते, नर आसपास फिरतो, गातो, दुसरा नर आला की त्याच्यावर धावून जातो. बांधून झालं की रोज एक अशी साधारण चार-पाच अंडी, फिकट निळसर हिरवी आणि वर तपकिरी शिंतोडे. मग मादी बराच वेळ दिसेनाशी होते, अधूनमधून रिकाम्या चोचीने बाहेर येते, काहीतरी टिपते आणि परत आत. म्हणजे उबवणं चालू आहे. उबवते ती एकटीच, बारा-तेरा दिवस धरा.

आणि ज्या दिवशी दोघंही चोचीत अळ्या, नाकतोडे घेऊन आत जाताना दिसतील त्या दिवसापासून पिल्लं आहेत असं समजा. पक्की खूण हवी असेल तर बाहेर येताना बघा. पिल्लाची विष्ठा एका पातळ पांढऱ्या पुडीत बांधलेली असते, आईबाप ती चोचीत धरून लांब नेऊन टाकतात म्हणजे घरटं स्वच्छ राहतं. भोकातून बाहेर पडताना चोचीत पांढरं काहीतरी, अगदी शिजलेल्या भाताच्या गोळीएवढं, दिसलं की शंभर टक्के पिल्लं. तिथून पुढे जास्तीत जास्त पंधरवडा.

म्हणजे पहिल्या अंड्यापासून पिल्लं उडेपर्यंत महिना सव्वा महिना. तुम्ही कुठल्या टप्प्यावर आहात ते बघून सांगा, मग गवंड्याचं ठरवता येईल.

व्यवहार आधी
मी वेगळं बोलतो, राग नसावा. कोकणातला पाऊस कोणासाठी थांबत नाही. चिऱ्याच्या भिंतीत एकदा ओल मुरली की आतलं लाकूड खराब व्हायला लागतं, वाळवी लागते, मग तो खर्च कोण देणार? गवंडी आत्ता गेला तर थेट दिवाळीनंतर. पक्षी एक वीण गेली तर दुसरी घालतात, निसर्गात हे रोज होतं, साप खातात, कावळे खातात. आपण घर राखायला नको का?

कातळसडा
@व्यवहार आधी राग कशाला, ओलीची चिंता खरीच आहे. पण दुसरी वीण घालतात म्हणून पहिली मोडायची हे मला पटत नाही. अंड्याच्या सुरुवातीला घरटं गेलं तर जोडी पुन्हा प्रयत्न करते हे बरोबर, पण पिल्लं वाढवून झाल्यावर गेलं तर आधीची सगळी मेहनत वाया आणि पुढे ऐन पावसात पिल्लं. आपल्याकडे दयाळाचा विणीचा काळ साधारण मार्च ते जुलै, त्यातला मे गेला की उरतं किती? आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, रानपक्ष्यांची घरटी अंडी मोडायला त्यात मनाई आहे, तेही लक्षात ठेवायला हवं.

व्यवहार आधी
कायदा मान्य. मग तोडगा सांगा, नुसतं थांबा म्हणून भिंत सुकत नाही.

पडवीतला झोपाळा
भिंत एक आहे, भोक एका कोपऱ्यात आहे ना? मग बाकीची भिंत आधी घ्या की. एवढं साधं आहे.

मालवणी पाणी
आमच्या गडग्यात दरवर्साक चिरक घरटा करता. आये म्हणता, त्येंचा त्येंका करूंदे, थंय कोणी हात घालू नको. आमी फणस काढूक पण त्या बाजूक जायत नाय. (धामण मात्र बरोब्बर जाता 😔)

रापण
गडग्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या देवगडकडच्या कलमांच्या बागेला जुना सुक्या दगडांचा गडगा आहे, चुना नाही, सिमेंट नाही, नुसते चिरे आणि जांभ्याचे धोंडे एकावर एक. चिरकाला हाच गडगा लागतो. दोन दगडांमधली फट, कधी कधी अगदी गुडघ्याच्या उंचीवर, आत गवत-मुळांची वाटी आणि तळाला गुरांचे, शेळीचे केस. एका फटीत तर सापाच्या कातीचे तुकडे होते, पातळ पारदर्शक, वाऱ्याने हलणारे. आधी वाटलं साप आत गेलाय. वडील म्हणाले नाही, चिरक आणतो ती. नंतर वाचलं की चिरकाच्या घरट्यात कात मिळणं ही जुन्या इंग्रज पक्षीनिरीक्षकांपासून नोंदलेली गोष्ट आहे.

सोनचाफा
बाप रे, कात कशाला आणत असतील? शत्रूला घाबरवायला?

रापण
मला तसंच वाटतं.

कातळसडा
चिरकावर असं पक्कं म्हणता येणार नाही. पण अमेरिकेत ग्रेट क्रेस्टेड फ्लायकॅचर नावाच्या पक्ष्यालाही हीच सवय आहे आणि तिथे प्रयोग झालाय, पेट्यांमधल्या घरट्यात काही ठिकाणी कात ठेवली काही ठिकाणी नाही. कात असलेल्या घरट्यांना उडत्या खारींचा त्रास झाला नाही. आपल्याकडे खारी आहेतच. धामणीला मात्र कातीची काय भीती, ती पोहोचतेच.

व्यवहार आधी
किंवा मऊ असते म्हणून आणत असतील. प्रत्येक गोष्टीला हेतू हवाच असं नाही.

सोनचाफा
हेही बरोबर. केस आणतात तसंच.

हडसन काठी
इथे न्यूजर्सीत आमच्या पोर्चच्या लाईटवर दरवर्षी रॉबिन घरटं करते म्हणून धागा उघडला. पण इथली पद्धत वेगळीच आहे. अमेरिकन रॉबिन भोकात जात नाही, फांदीवर नाहीतर वळचणीला उघडी वाटी, गवत आणि आतून चिखलाचा गिलावा. होय, खरोखरचा गिलावा, मादी चिखल लावते आणि छातीने दाबून गोल करते. अंडी एकदम निळी, ठिपके नाहीत. आमची मुलगी म्हणते आजीकडचा दयाळ भिंतीत का शिरतो, याला बाहेर का चालतं? काय सांगू?

कातळसडा
@हडसन काठी तिला सांगा की तिकडची रॉबिन ही नावालाच रॉबिन, कुळाने ती थ्रश आहे. छाती तांबूस दिसली म्हणून युरोपातून गेलेल्या लोकांनी त्यांच्या मायदेशातल्या रॉबिनचं नाव तिला दिलं. दयाळ, चिरक आणि इंग्लंडमधली रॉबिन हे तिघं मात्र एकाच कुळातले. आणि तिघांनाही आडोसा लागतो.

टेम्सकाठचा आंबोलकर
इंग्लंडमधून +१. इथली रॉबिन भोकापेक्षा पुढून उघडा असलेला आडोसा पसंत करते, बागेतल्या शेडमधली जुनी किटली, कुंडी, लटकवलेल्या कोटाचा खिसा, काहीही चालतं. आमच्या शेजारच्या आजोबांनी वसंतात शेडचं दारच उघडं ठेवलं होतं, आत कुदळीमागे घरटं होतं म्हणून. एक मजा म्हणजे पिल्लं बाहेर पडली की मादी पुढच्या विणीच्या मागे लागते आणि बाहेर पडलेल्या पिल्लांना भरवायचं काम बापाकडे येतं.

आंबोलीला असताना पावसाआधी रानात श्यामा ऐकायचो, तोही दयाळाचाच भाऊबंद. झाडाच्या ढोलीत, बांबूच्या बेटात घरटं करतो. घराजवळ नाही येत तो, लाजरा. त्याचा आवाज एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. असो, विषयांतर झालं.

चुलीवरचा चहा
विषयांतर चालू ठेवा, छान वाटतंय वाचायला. यंदा ओले काजू संपले म्हणून तेवढाच आनंद.

किहीमची वाट
विषयांतरात माझी भर. आमच्या किहीमला १९३० साली सालिम अलींनी सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला. तिथे सगळं बांधकाम नराकडे, मादी येऊन अर्धवट घरटं तपासते, पसंत पडलं तर राहते आणि नर मग पुढचं घरटं बांधायला मोकळा. दयाळात बरोबर उलट, बांधते मादी. पण भरवताना दोघंही राबतात. आमच्या पंपाच्या शेडमध्ये होते तेव्हा नर एकदा पालीचं पिल्लू घेऊन आला होता, ते पिल्लाच्या तोंडात मावेना, मग बाहेर आणून पत्र्यावर आपटून आपटून मऊ केलं आणि परत नेलं. मी तांब्या हातात धरून बघत राहिले.

हर्णै बंदर
घराजवळ का येतात याबद्दल माझं म्हणणं. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, मुरूडवाल्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या वाडीतले जुने आंबे, फणस, बकुळी एका दुपारी आडव्या झाल्या. नारळ-पोफळीचं नुकसान सगळ्यांनी मोजलं, पंचनामे झाले, पण त्या जुन्या झाडांच्या ढोल्या गेल्या त्यांचा पंचनामा कोण करणार? ढोली एका वर्षात होत नाही. फांदी तुटते, तिथे पाणी मुरतं, लाकूड कुजतं, मग सुतार, तांबट कोरतात, त्यांचं झालं की दयाळ, साळुंक्या, पिंगळा येतात. नवीन लावलेल्या कलमाला ढोली व्हायला एक पिढी जाते. त्यानंतरच्या वर्षांत आमच्याकडे मीटरच्या पेटीत, ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाइपात, देवळाच्या दीपमाळेतल्या भोकात दयाळ दिसायला लागला. आधी नव्हतेच असं नाही, पण एवढे नव्हते.

आणि आता घरं पण बदलली. स्लॅब, टाइल्स, सगळं गुळगुळीत. गडगे पाडून सिमेंटचं कंपाउंड. म्हणून ओटीवरची ताईंच्या घरातलं ते भोक मला फार मोलाचं वाटतं. ते बुजवू नका एवढीच विनंती.

रापण
+१. सड्यांचं, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांचं, पण तेच. कातळ फोडून, जेसीबी लावून सपाट करतात, माती टाकून कलमं लावतात. चिरकाची दगडाखालची जागा गेली. कशेळीला तो मोठा हत्ती आहे ना कातळशिल्पातला, तिकडे सड्यावर गेलो होतो उन्हाळ्यात, चिरकाची मादी चोचीत अळी घेऊन एका दगडावर शेपूट उभी करून बसलेली, मी हलेपर्यंत हलायला तयार नाही. घरटं जवळच असणार, तिला आपण बघतोय हे कळलं की ती आत जात नाही. मी निघून गेलो.

निवांत
ताई घरट्याचा फोटो टाका ना! पिल्लांचा असेल तर फारच भारी.

कातळसडा
@निवांत कृपया नको. फोटोसाठी शिडी, फ्लॅश, मग शेजारची मुलं, आणि हे सगळं वरून कावळा बघत असतो. आपण वारंवार जातो तिथे मांजरही येते.

सोनचाफा
माणसाचा हात लागला की आईबाप पिल्लं टाकतात म्हणे, म्हणून पण नको.

कातळसडा
ते तेवढं खरं नाही. पिल्लू खाली पडलं, पंख न फुटलेलं असेल तर हाताने उचलून परत घरट्यात ठेवायला काही हरकत नाही, आईबाप भरवतात. अंगावर पिसं आलेलं, उड्या मारणारं पिल्लू असेल तर त्याला घरातच आणू नका, ते बाहेर पडायच्याच वयाचं आहे, जवळच्या झुडपात ठेवा, मांजर बांधा, आईबाप आवाजावर शोधतात. मात्र बांधकामाच्या किंवा अंड्यांच्या सुरुवातीच्या दिवसांत फार डोकावलं तर जोडी जागा सोडू शकते, ही भीती खरी.

पडवीतला झोपाळा
आमचा दयाळ गाडीच्या आरशाशी भांडतो रोज सकाळी. चोच मारून मारून आरसा पांढरा केलाय. काही उपाय?

रापण
विणीच्या दिवसांत त्याला तो दुसरा नर वाटतो. आरशाला कापडी पिशवी बांधा. नाहीतर तो भरवायचं सोडून दिवसभर भांडत बसेल.

ओटीवरची
सगळ्यांचे मनापासून आभार. सांगायला आले. सांगितल्याप्रमाणे पडवीच्या खांबाआडून बघितलं. दोघंही अळ्या आणि कसलेसे पतंग घेऊन आत जातायत, आणि मादी बाहेर आली तेव्हा चोचीत ती पांढरी पुडी अगदी स्पष्ट दिसली, शेवग्यापलीकडे जाऊन टाकून आली. कान दिला तर आतून बारीक चिरचिर पण ऐकू येते. म्हणजे पिल्लंच.

गवंड्याला ओटीवर बसवून चहा दिला आणि नीट सांगितलं. आधी कुरकुरला. मग म्हणाला माझ्या आजोळी पण असायचे, आजी हात लावू देत नसे. ठरलं असं की उत्तरेची बाजू आणि मागच्या भिंतीचा खालचा भाग आधी, वरचा कोपरा शेवटी, पिल्लं गेल्यावर. त्या कोपऱ्यावर पाऊस आलाच तर ताडपत्री, पण भोकाच्या खालून, तोंड मोकळं ठेवून. @व्यवहार आधी, तुमचा मुद्दा घरात सासऱ्यांनी पण मांडला होता, त्यामुळे उपयोग झाला, उत्तर तयार होतं.

आता एकच. तो कोपरा करताना भोक ठेवायचंय. पण पाणी आत जाऊन परत ओल आली तर?

व्यवहार आधी
हा तोडगा मला मान्य आहे. परांची मात्र भोकासमोर बांधू नका, आईबापांना सरळ उडत येता यायला हवं.

चिरेबंदी
मी बांधकामातलाच आहे, रत्नागिरीकडे कामं करतो. भोक ठेवता येतं, काही अवघड नाही. आधी भोक आरपार आहे का ते बघा, असेल तर आतल्या बाजूने चिऱ्याचा तुकडा आणि सिमेंटने पक्कं बंद करा, म्हणजे माजघरात ओल यायचा रस्ता संपला. मग भोकाचा तळ बाहेरच्या बाजूला किंचित उतरता करा, पाणी आलं तरी बाहेर पडेल. वर एक चपटा दगड दोन बोटं पुढे काढून बसवा, पागोळीसारखं पाणी पुढे पडतं. गिलावा करताना भोकात चिंध्या कोंबून ठेवतात तसं करा, काम झालं की न विसरता काढा. आतला पृष्ठभाग खडबडीतच राहू दे, घोटून गुळगुळीत करू नका, पिल्लांना चढून बाहेर यायला पायाला धर लागतो. आणि आतून रंग-बिंग काही लावू नका.

हर्णै बंदर
@चिरेबंदी फार उपयोगी माहिती. आमच्याकडे स्लॅबचं घर, भोक ठेवायला जागाच नाही. लाकडाची पेटी लावली तर येतात का? बाजारात चिमणीच्या मिळतात त्या आणल्या होत्या, एकही दयाळ फिरकला नाही.

कातळसडा
चिमणीच्या पेटीचं भोक सव्वा इंचाच्या आसपास असतं, दयाळ त्यात शिरणार कसा. भोक मोठं लागेल, आणि आतली जागाही ऐसपैस. पेट्या दयाळ वापरतो, फक्त लगेच येईल असं धरू नका. आत्ता लावण्यात अर्थ नाही, जोड्यांनी जागा धरल्यात. दिवाळीनंतर लावा म्हणजे मार्चपर्यंत ती त्यांच्या नजरेत बसेल. माणसाच्या डोक्याच्या बरीच वर, मांजराला जिथून उडी मारता येईल असा कठडा किंवा फांदी जवळ नको.

चिरेबंदी
आणि पेटीचं तोंड पश्चिमेला किंवा नैऋत्येला करू नका, झड थेट आत येते. तळाला पाणी निघायला दोन-तीन बारीक भोकं पाडा. प्लायवूड घेऊ नका, आपल्या पावसात एका वर्षात फुगून उकलतं, जुन्या फणसाच्या फळ्या असतील कुठे माळ्यावर तर त्या वापरा.